बिशपांची खाजगी पत्रं: कबुली म्हणून नको, चाल म्हणून वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मुलीचा एम.ए.चा प्रबंध चालू आहे, विषय इंग्लंडमधलं १९२७-२८ चं प्रेयर बुकचं, म्हणजे चर्चच्या अधिकृत प्रार्थनापुस्तकाचं भांडण. गाईड म्हणतात समितीची मिनिट्स आणि पार्लमेंटमधली भाषणं बघ, बास झालं, बिशपांची खाजगी पत्रं म्हणजे नुसतं गॉसिप. तिला वाटतं उलट, बाहेर सगळे गोड बोलतात, खरं काय ते पत्रांतच असणार. तर कोण बरोबर?

माझ्या मते दोघंही अर्धे बरोबर. मी तीसेक वर्षं चर्चच्या जुन्या कागदांत बसलोय आणि मधली काही वर्षं उपासनेच्या मराठी मसुद्यावर काम करणाऱ्या एका छोट्या समितीतही होतो, त्यामुळे पत्रं वाचणारा आणि पत्रं लिहिणारा अशी दोन्ही कामं करून झालीत. आमच्या त्या समितीत एकदा प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) प्रार्थनेत 'अर्पण' म्हणायचं की 'बलिदान' यावर अख्खी दुपार गेली, दोनदा चहा झाला, एक ज्येष्ठ पाळक रागावून व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मिनिट्समध्ये काय आलं? 'चर्चेअंती मजकूर मंजूर.' आणि त्याच रात्री मी त्या पाळकांना पत्र लिहिलं, की तुमचा मुद्दा मला मनापासून पटतो वगैरे. पटला होता का? अर्धाच. मला पुढच्या बैठकीत त्यांचं मत हवं होतं. उद्या कोणी ते पत्र काढून 'बघा, याचं खरं मत हे होतं' असं लिहिलं तर मी काय सांगणार! म्हणून माझं म्हणणं एवढंच की खाजगी पत्र ही कबुली नसते, चाल असते. बुद्धिबळासारखी वाचायची, समोरचा कोण, डाव कुठे आलाय, आणि ही सोंगटी आत्ताच का हलवली.

आता ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी पटकन. चर्च ऑफ इंग्लंडचं तेव्हाचं उपासनेचं पुस्तक म्हणजे १६६२ चं प्रेयर बुक, आणि ते कायद्याने बांधलेलं, एक ओळ बदलायची तरी पार्लमेंट लागायचं. एकोणिसाव्या शतकात बरेच धर्मगुरू कॅथलिक वळणाचे विधी करायला लागले, धूप, झगे, आजाऱ्यांसाठी म्हणून पवित्र भाकर कपाटात ठेवणं. कोर्टकचेऱ्या झाल्या, काही धर्मगुरू तुरुंगातही गेले, पण थांबलं काहीच नाही. मग रॉयल कमिशन बसलं, १९०६ मध्ये त्याचा रिपोर्ट आला, सार असं की उपासनेचा कायदा आजच्या पिढीच्या धार्मिक जीवनाला अपुरा पडतोय आणि शिस्तीची यंत्रणा मोडलीय. त्यानंतर पुस्तक सुधारायचं काम जे सुरू झालं ते वीस वर्षं. मध्ये महायुद्ध होऊन गेलं तरी चालूच. आर्चबिशप ऑफ कँटरबरी, म्हणजे या चर्चचा सर्वांत मोठा बिशप, होता रँडल डेव्हिडसन, १९०३ ते १९२८, पंचवीस वर्षं एकच माणूस.

पत्रांचं खरं महत्त्व कळतं ते वॉल्टर फ्रियरपाशी. हा मिरफील्डच्या मठातला, रिसरेक्शन कम्युनिटीचा प्रमुख राहिलेला, उपासनाविधींचा जबरदस्त अभ्यासक, १९२३ ला ट्रुरोचा बिशप झाला. बिशपांच्या सभागृहात विधींचं इतकं ज्ञान असलेला दुसरा माणूस जवळजवळ नव्हताच, त्यामुळे जो तो यालाच पत्र लिहून विचारणार. त्याचा हा पत्रव्यवहार १९५४ मध्ये अल्क्विन क्लब या उपासनाविधींवरची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेने छापला, संपादक रोनाल्ड जॅस्पर, म्हणजे लंडनला न जाताही वाचता येतो.

पत्रांत भांडण कशावर? बाहेर 'पोप परत येतोय' असा ओरडा आणि आत मात्र प्रार्थनेतल्या तुकड्यांचा क्रम. मला वाटतं इथे थांबून नीट समजून घ्यायला हवं, कारण हे कळलं नाही तर पुढचं सगळं हवेत जातं. १६६२ च्या पुस्तकात प्रभूने भाकर घेतली, मोडली, 'हे माझं शरीर' म्हणाला, ते शब्द आले की तिथेच प्रार्थना संपते, लोक भाकर-द्राक्षारस घेतात आणि अर्पणाची प्रार्थना त्यानंतर येते. १५४९ च्या पहिल्या पुस्तकात हे सगळं एकाच लांब प्रार्थनेत सलग होतं. फ्रियरचं म्हणणं, तुकडे परत जोडा. शिवाय पवित्र आत्म्याने या भाकर-द्राक्षारसावर यावं ही विनंती प्रार्थनेत घाला, आणि ती प्रभूच्या शब्दांच्या नंतर घाला, पूर्वेकडच्या चर्चेसमध्ये असते तशी.

नंतर की आधी, याने काय फरक पडतो? आपल्याकडे घरच्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा झाली की मूर्तीकडे बघायची नजर बदलते ना, तो क्षण नेमका कोणत्या मंत्राला आला हे गुरुजींना विचारा, त्यांच्याकडे उत्तर असतं. (तुलना फक्त 'क्षणा'पुरती, पुढे ओढू नका.) तसंच इथे. रोमन वळणाच्या लोकांचं म्हणणं प्रभूचे शब्द उच्चारले तोच भाकर पवित्र होण्याचा क्षण, मग त्यानंतर परत आत्म्याला बोलवायचं म्हणजे आधी काही झालंच नाही असं होतं. कडव्या प्रोटेस्टंटांचं म्हणणं भाकरीवर आत्मा बिलकुल नको, माणसांवर येऊ दे. म्हणजे फ्रियरच्या एका वाक्याच्या जागेने दोन्ही टोकांची माणसं एकदम नाराज, आणि नाराजीची कारणं एकमेकांच्या बरोब्बर उलटी. अधिकृत कागदात हे 'मतभिन्नता' या एका शब्दात मावतं. कोणाला काय खटकलं आणि काय दिल्यावर तो गप्प बसेल, हे शोधायचं तर पत्रव्यवहारच वाचायला लागतो.

शेवटी १९२७ च्या मजकुरात ती विनंती आलीच, आणि शब्द कसे बघा, आत्म्याने 'आम्हांला आणि या तुझ्या भाकर-द्राक्षारसाच्या दानांना' दोघांनाही आशीर्वाद द्यावा. 'आम्हांला' कोणासाठी आणि 'दानांना' कोणासाठी हे आता सांगायला नको. मसुद्यावर काम केलेल्या माणसाला असा 'आणि' लांबूनच दिसतो, त्यामागे हमखास एक भांडण मिटवलेलं असतं.

डेव्हिडसनचं प्रकरण अगदी वेगळं. त्याला स्वतःला या सुधारणेची फार हौस नव्हती, १६६२ च्या पुस्तकावर तो समाधानी होता. मग का केलं? कारण त्याला शिस्त पाहिजे होती. हिशोब साधा: पुस्तक थोडं सैल करू, कपाटात भाकर ठेवायला आजाऱ्यांपुरती आणि बिशपच्या परवानगीने मुभा देऊ, म्हणजे मग जो त्याच्याही पलीकडे जाईल त्याला 'आता ऐक' म्हणता येईल. वीस वर्षं ईश्वरशास्त्राच्या नावाने जे चाललं ते बऱ्याच अंशी ॲडमिनिस्ट्रेशन होतं, असं माझं मत झालंय, आणि ते भाषणांवरून नाही तर डेव्हिडसनच्या कागदांवरून झालंय. त्याचा चॅपलेन (हाताखालचा मदतनीस धर्मगुरू) जॉर्ज बेल, हाच पुढे चिचेस्टरचा बिशप, याने १९३५ मध्ये त्याचं मोठं चरित्र लिहिलं, त्यात हे कागद भरपूर वापरलेत. डेव्हिडसनची एक सवय होती, मोठी भेट किंवा बैठक झाली की नंतर आपली आठवण डिक्टेट करून ठेवायची. हे सोनं आहे, पण जपून. जो माणूस स्वतःच्या फाइलसाठी आठवण लिहितो त्याच्या डोळ्यासमोर पुढचा वाचणारा असतोच.

'खाजगी' या शब्दाचीही जरा झडती घ्या. त्या काळातल्या पत्राच्या डोक्यावर 'प्रायव्हेट' लिहिलेलं असलं म्हणजे फक्त पेपरात देऊ नका इतकंच. आर्चबिशपच्या ऑफिसात येणारी पत्रं सेक्रेटरी, चॅपलेन उघडणार, उत्तर टाइप होणार, कार्बन कॉपी फाइलला लागणार. म्हणजे किमान दोन-तीन माणसं वाचणार हे लिहिणाऱ्याला माहीत. बर्मिंगहॅमचा बिशप बार्न्स तर सरळ उलटं करायचा. तो गणिती आणि आधुनिक विचारांचा, भाकरीत काही बदल होतो ही कल्पनाच त्याला जादूटोण्यासारखी वाटायची. ऑक्टोबर १९२७ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्समध्ये त्याच्या प्रवचनाआधी एका धर्मगुरूने उभं राहून जाहीर निषेध केला, तेव्हा याने आर्चबिशपला उघडं पत्रच लिहिलं आणि डेव्हिडसननेही उघडंच उत्तर दिलं. पार्लमेंटमध्ये मतदान दोन महिन्यांवर आलेलं असताना! उघडं पत्र आणि बंद पत्र शेजारी शेजारी ठेवून वाचा, एकाच माणसाची भाषा प्रेक्षक बदलला की कशी बदलते ते त्यातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

हा प्रकार विसाव्या शतकातला म्हणून नवा समजू नका. माझं सगळ्यात आवडतं पत्र १५५२ चं आहे, तेव्हाचा आर्चबिशप क्रॅनमर याचं. दुसरं प्रेयर बुक छापायला गेलेलं, १ नोव्हेंबरपासून वापरात यायचं, आणि ऐन वेळी जॉन नॉक्स या कडव्या प्रोटेस्टंट प्रवचनकाराने राजासमोर प्रवचन करून गुडघे टेकून प्रभुभोजन घेणं म्हणजे मूर्तिपूजा असं काहीतरी पिल्लू सोडलं. राजाच्या कौन्सिलने छपाई थांबवली आणि आर्चबिशपला सांगितलं, फेरविचार करा. ७ ऑक्टोबरला क्रॅनमरने कौन्सिलला उत्तर लिहिलं, वरवर आदब, आत नुसता संताप. म्हणतो, या लोकांना स्वतःच्या मनासारखं असेल तेवढंच आवडतं, पुस्तक दर वर्षी नवीन काढलं तरी यांचं समाधान व्हायचं नाही. आणि मग तो मुद्दा, की शास्त्रात गुडघे टेका असं लिहिलेलं नाही म्हणता, तर शास्त्रात उभं रहा, बसा असंही नाही, उलट त्या काळच्या रीतीने बघितलं तर तुर्क आणि तातार लोकांसारखं जमिनीवर आडवं होऊन घ्यायला पाहिजे! एवढा तिरकस क्रॅनमर प्रेयर बुकमध्ये तुम्हांला कुठेच भेटणार नाही.

झालं काय? गुडघे टेकणं राहिलं, म्हणजे क्रॅनमर जिंकला. पण कौन्सिलने सोबत एक खुलासा घालायला लावला, की गुडघे टेकतो याचा अर्थ भाकरीची पूजा करतो असा नाही. तो इतक्या उशिरा आला की काही प्रतींत तो वेगळ्या पानावर छापून मध्ये घातलेला आहे. म्हणजे पत्रातला डाव पुस्तकाच्या बांधणीत दिसतो. असा पुरावा मिळाला की पत्रावर विश्वास ठेवायला हरकत नाही. नुसता सूर ऐकून नाही.

परत १९२७ कडे. १४ डिसेंबरला पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये, सुधारलेलं पुस्तक २४१ विरुद्ध ८८ ने पास, डेव्हिडसन तेव्हा ७९ वर्षांचा. दुसऱ्या दिवशी खालच्या सभागृहात, कॉमन्समध्ये, २३८ विरुद्ध २०५ ने आपटलं. होम सेक्रेटरी जॉइन्सन-हिक्स स्वतः विरोधात उभा. किरकोळ बदल करून १९२८ ला परत आणलं, १४ जूनला २६६ विरुद्ध २२०, म्हणजे आणखी वाईट. बिशपांना सगळ्यात लागलं ते हे की इंग्लंडच्या चर्चची प्रार्थना ठरवायला स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन, वेल्सचे चॅपलवाले, या चर्चचे नसलेले कोणतेही खासदार मत देऊ शकत होते. त्या सभागृहात तेव्हा बॅटरसी नॉर्थचा खासदार म्हणून आपल्या मुंबईत जन्मलेला पारशी कम्युनिस्ट शापुरजी सकलातवालाही होता, जमशेटजी टाटांचा भाचा! कायद्याने प्रेयर बुकवर त्याचा हक्क डरहॅमच्या कोणत्याही सामान्य भाविकापेक्षा जास्त होता.

डरहॅमवरून आठवलं, तिथला बिशप हेन्सन. हा आयुष्यभर चर्च आणि सरकारचं नातं टिकावं म्हणून भांडला आणि या पराभवानंतर उलटून म्हणायला लागला, तोडा हे नातं. त्याच्या डायऱ्या आता डरहॅमने डिजिटल केल्यात, बसल्या जागी वाचता येतात. माणूस शब्दांचा राजा. विरोधकांना त्याने 'अडाण्यांची फौज आणि ऐंशीच्या घरातले सेनापती' म्हटलं ते फार गाजलं. रोख मँचेस्टरचे निवृत्त बिशप नॉक्स यांच्यावर (१५५२ चा नॉक्स वेगळा). पण गंमत अशी की हे नॉक्स आणि खुद्द डेव्हिडसन यांच्यात जेमतेम चार-पाच महिन्यांचं अंतर, म्हणजे दोन्ही फौजांचे सेनापती सारख्याच वयाचे. आणि या नॉक्स म्हाताऱ्यांचा एक मुलगा रोमन कॅथलिक पाद्री झालेला, दुसरा अँग्लो-कॅथलिक, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमध्येच राहून कॅथलिक वळणाचा, धर्मगुरू. पोपविरोधी मोर्चा काढणाऱ्या बापाच्या घरी जेवताना काय बोलणं होत असेल, कल्पना करा. असल्या गोष्टी माहीत असल्या की पत्रातला एखादा उगाच कडक वाटणारा शब्द समजतो.

आता मराठी वाचकांसाठी जवळचा भाग, कारण याच काळात मुंबईचा बिशप एडविन जेम्स पामर (१९०८ ते १९२९) वेगळ्याच वाटेने निघाला होता. अहमदनगरला मिशनरी म्हणून आलेला जॅक विन्सलो, तोच ज्याने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, तो आणि पुढे केंब्रिजला प्रोफेसर झालेला रॅटक्लिफ अशा काही जणांनी १९२० मध्ये भारतीय चर्चसाठी स्वतंत्र प्रभुभोजन विधीचा मसुदा मांडला. पाया १६६२ नाही, तर सेंट जेम्सच्या नावाने चालणारी सिरियन परंपरा, केरळातल्या जुन्या ख्रिस्ती लोकांकडे असते ती. पामरने त्याला प्रस्तावना दिली आणि प्रायोगिक वापराची वाट करून दिली. हीच पुढे बॉम्बे लिटर्जी (लिटर्जी म्हणजे उपासनाविधी) म्हणून ओळखली गेली. तिथे आत्म्याची विनंती प्रभूच्या शब्दांनंतर येते, आणि त्यासाठी कॉमन्समध्ये कोणी टेबल बडवलं नाही.

का जमलं? एक तर १९२० च्या लँबेथ कॉन्फरन्सने, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या बैठकीने, मान्यच केलं होतं की सगळीकडे एकसारखी उपासना असलीच पाहिजे असं नाही आणि मिशनच्या प्रदेशात ते पुस्तक एकमेव साचा म्हणून चालणार नाही. दुसरं, भारतातलं चर्च वेगळं करायचा कायदा त्याच पार्लमेंटने १९२७ मध्येच केला, १९३० पासून ते स्वतंत्र झालं. म्हणजे इंग्लंडच्या बिशपांना जी मोकळीक वीस वर्षं घासून मिळाली नाही ती इथल्यांना जवळजवळ बाजूच्या दाराने मिळाली. माझं मत, तिथल्या पत्रांचा अभ्यास करणाऱ्याने पामरची फाइल बघितलीच पाहिजे, त्याचे कागद लंडनला आर्चबिशपच्या लँबेथ पॅलेस लायब्ररीतच आहेत. इंग्लंडात जी गोष्ट अशक्य म्हणून सांगतात ती मुंबईत कशी शक्य झाली, हा प्रश्न घेऊन बसा, प्रबंधाला अर्धा चॅप्टर तिथेच मिळेल.

काही कामाच्या गोष्टी, आठवतील तशा सांगतो. सह्यांना फसू नका, बिशप आडनाव लिहीत नाहीत, डायोसिसचं (आपल्या हद्दीच्या प्रांताचं) लॅटिन नाव लिहितात. मी पहिल्या आठवड्यात 'रँडल कँटुआर' हा कोण नवीन माणूस म्हणून इंडेक्समध्ये शोधत बसलो होतो, तो डेव्हिडसनच. 'एबोर' म्हणजे यॉर्क, 'डुनेल्म' म्हणजे डरहॅम. तारखांचंही तसंच, कधी नुसतं 'सेंट ल्यूकचा दिवस' असतं, तो १८ ऑक्टोबर, ठीक आहे, पण 'ईस्टरनंतरचा मंगळवार' असेल तर त्या वर्षीचा ईस्टर काढायला लागतो, १९२७ ला तो १७ एप्रिलला होता आणि १९२८ ला ८ एप्रिलला, नऊ दिवसांचा फरक, आणि या भांडणात नऊ दिवसांत पुष्कळ काही होतं. वर्ष लिहिलेलंच नसेल तर वेगळा कोरा कागद घेऊन आधी तारखा लावा, मग मजकुरावर या. माझ्या ओळखीतल्या एकाने दोन पत्रांचा क्रम उलटा लावला आणि 'बिशपने शब्द फिरवला' असा आख्खा निष्कर्ष काढून बसला, फिरवला कोणी नव्हता.

उत्तर मिळाल्याशिवाय पत्रावर लिहू नका. एका बाजूचीच पत्रं असतील तर तसं स्पष्ट म्हणा. आणि पत्रांमधल्या मोकळ्या जागा बघा, लंडनमध्ये तेव्हा दिवसातून कितीतरी वेळा टपाल वाटायचे, सकाळच्या पत्राला संध्याकाळी उत्तर यायचं, मग अचानक तीन आठवडे काहीच नाही म्हणजे भांडण थांबलं असं नसतं, बहुतेक वेळा ही मंडळी लँबेथला एकाच टेबलावर बसलेली असतात. तेवढ्या दिवसांपुरती मिनिट्स उघडा, तिथे तुझे गाईड बरोबर आहेत.

आपल्याकडची अडचण वेगळी, इथे फाइलच उरत नाही. नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मिशन बंगल्यात मी पत्रांचे गठ्ठे बघायला गेलो तर आदल्याच महिन्यात रंगकामासाठी खोली रिकामी केलेली, सगळं रद्दीत. वॉचमनने प्रामाणिकपणे सांगितलं, 'साहेब, इंग्रजी होतं, कोणाला लागतंय.' त्यातलं एक पाकीट त्याने स्टॅम्पासाठी ठेवलं होतं. आत पत्र नव्हतं.

सुरुवात कुठून करू असं विचारशील तर फ्रियरच्या छापील पत्रांपासून कर, आणि शेजारी १६६२ आणि १९२८ दोन्ही पुस्तकं उघडी ठेव. (१९२८ चं पुस्तक पार्लमेंटने नाकारल्यावरही छापून विकलं गेलं, आत टीप की छापलं म्हणजे अधिकृत असं नाही, आणि १९२९ मध्ये बिशपांनी एकत्र येऊन सांगितलं की कोणी ते वापरलं तर आम्ही त्याला बेइमानी समजणार नाही.) पत्रात एखाद्या ओळीचा उल्लेख आला की ती दोन्हीकडे शोध, कुठे सरकली ते पेन्सिलीने लिही, लायब्ररीत पेन चालत नाहीच. ती पत्रं छापणारा जॅस्पर पुढे, १९६४ पासून, चर्च ऑफ इंग्लंडच्या लिटर्जिकल कमिशनचा अध्यक्ष झाला आणि त्याच्याच काळात १९८० चं नवं पुस्तक निघालं. ते कॉमन्सपुढे मतदानाला गेलंच नाही. त्याची वाट आधीच १९६५ आणि १९७४ च्या कायद्यांनी मोकळी करून ठेवली होती. १९२७ चा डाव कुठे फसला हे त्याने पत्रांत वाचलं होतं.